भक्षकाच्या पोटात बिऱ्हाड

मुझफ्फरपूर किंवा पाटण्याच्या रुग्णालयात काळ्या आजाराची पक्की खात्री करायची असेल, तर डॉक्टर थेट पानथरीत सुई घालतात. डाव्या बरगड्यांखाली हात लावला की वाढलेली पानथरी कडक लागते. काही रुग्णांत ती बेंबीपर्यंत उतरलेली असते. रक्त नीट गोठतं की नाही हे आधी तपासून घेतात, रुग्णाला श्वास रोखून धरायला सांगतात आणि बारीक सुई आत घालून लगेच बाहेर काढतात. या सगळ्याला जेमतेम एक सेकंद लागतो. सुईत आलेला लालसर थेंब काचपट्टीवर पसरून गिम्सा रंगाने रंगवला, की सूक्ष्मदर्शकाखाली मोठमोठ्या फिकट निळ्या पेशी दिसतात आणि त्या पेशींच्या पोटात दाणे दिसतात. एकेक दाणा दोन ते चार मायक्रॉनचा, तांबड्या रक्तपेशीच्या निम्म्याएवढा. नीट पाहिलं तर प्रत्येक दाण्यात दोन जांभळे ठिपके असतात. एक गोल आणि मोठा, तो परजीवीचा केंद्रक. दुसरा त्याला लागूनच, बारीक काडीच्या आकाराचा. हे दोन्ही ठिपके दिसले की निदान पक्कं झालं. मग मोजणी सुरू होते. सूक्ष्मदर्शकाची हजार क्षेत्रं पाहून एक ते दहा दाणे सापडले, तर अहवालात ‘एक अधिक’ लिहितात. एकाच क्षेत्रात शंभराहून जास्त सापडले, तर ‘सहा अधिक’.

ज्या पेशींच्या पोटात हे दाणे सापडतात, त्यांची ओळख पटली की या आजाराचं खरं कोडं समोर येतं. त्या मॅक्रोफेज असतात. शरीरात घुसलेलं काहीही गिळायचं, मारायचं आणि पचवायचं, हेच त्यांचं काम. लीशमॅनिया नावाच्या परजीवीने आपलं बिऱ्हाड नेमकं तिथेच थाटलेलं असतं.

विल्यम लीशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने हे दाणे १९०० मध्ये इंग्लंडमधल्या नेटली इथल्या रुग्णालयात पाहिले. कोलकात्याजवळच्या डमडम छावणीतून तापाने खंगून परतलेला एक सैनिक तिथे मरण पावला होता आणि लीशमन त्याची पानथरी तपासत होता. हे एखाद्या मृत जंतूचे अवशेष असावेत, असं त्याला वाटलं. १९०३ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हनला जिवंत रुग्णाच्या पानथरीतून काढलेल्या थेंबातही तेच दाणे सापडले, तेव्हा ते अवशेष नसून जिवंत जंतू आहेत हे उघड झालं. रोनाल्ड रॉसने दोघांची नावं जोडून ‘लीशमॅनिया डोनोव्हनी’ हे नामकरण केलं. पुढच्याच वर्षी कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्सने हे दाणे प्रयोगशाळेत वाढवले. तिथे त्यांना शेपटी फुटली आणि ते पोहू लागले. एकाच जीवाची ही दोन रूपं आहेत. शेपटीचं, चपळ रूप हा आजार पसरवणाऱ्या माशीच्या आतड्यात राहतं. बिनशेपटीचं, दाण्यासारखं रूप माणसाच्या पेशीत राहतं.

त्याआधी वीसएक वर्षं, १८८२ मध्ये, सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला. शरीरातल्या काही पेशी शत्रूला गिळून टाकतात, हा सिद्धान्त तिथून उभा राहिला आणि १९०८ मध्ये त्याला पाउल एर्लिखसोबत नोबेल पारितोषिक मिळालं. पण गिळलं म्हणजे मारलं, असं दर वेळी होत नाही. मेचनिकॉव्हच्या सिद्धान्तातली ही उणीव लीशमॅनियाएवढी लख्खपणे क्वचितच कुणी दाखवली असेल.

हा परजीवी माणसाच्या अंगात येतो तो वाळूमाशीच्या चाव्यातून. महाराष्ट्राला ही माशी सँडफ्लाय या नावाने ठाऊक आहे, ती चांदीपुरा विषाणूमुळे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये तो विषाणू सापडला आणि गावाचं नाव कायमचं त्याला चिकटलं. काळा आजार पसरवणारी भारतीय वाळूमाशी ‘फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस’ या जातीची. ती दोन-तीन मिलिमीटरची, उडण्यात कच्ची, टुणटुण उड्या मारत जाणारी असते. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत ती राहते. डास बारीक सोंडेने नेमकी रक्तवाहिनी गाठतो, तसं हिला जमत नाही. ती कातडी कुरतडते, तिथे रक्ताचं इवलंसं थारोळं साचतं आणि ते ती पिते.

काळा आजार हिच्यामुळेच होतो, हा संशय जुना होता. सिद्ध करायला मात्र फार काळ गेला. संशोधक रुग्णाचं रक्त पाजून माश्या पोसत, त्या माश्या चावायला सोडत आणि हाती काहीच लागत नसे. १९४० च्या सुमारास स्मिथ, हलदर आणि अहमद यांनी एक साधा बदल केला. रक्त पाजून झाल्यावर माश्यांना त्यांनी मनुके खायला दिले. फळातल्या साखरेवर पोसलेल्या माश्यांच्या आतड्यात परजीवी इतके वाढले की घशाशी पुढची वाट बंद झाली. मग १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममध्ये अशाच माश्या स्वयंसेवकांना चावू दिल्या, त्या स्वयंसेवकांना काळा आजार झाला आणि वाद मिटला. आज यामागची यंत्रणा ठाऊक आहे. परजीवी माशीच्या आतड्यात एक चिकट लगदा तयार करतात. वाट तुंबलेली माशी रक्त ओढू लागली की आधी तो लगदा आणि त्यातले परजीवी तिला जखमेत ओकावे लागतात.

जखम झाल्यावर शरीराचा पहिला प्रतिसाद येतो न्यूट्रोफिल पेशींकडून. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत सर्वांत जास्त संख्या त्यांचीच असते. अमेरिकेतल्या एका गटाने २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी वाळूमाशी उंदराच्या कानाला चावू दिली आणि कातडीखाली काय चालतं ते विशेष सूक्ष्मदर्शकाने जिवंतपणी पाहिलं. चाव्याच्या जागी न्यूट्रोफिल झुंडीने धावून आले आणि त्यांनी परजीवी गिळले. इथपर्यंत सारं अपेक्षेप्रमाणे होतं. त्यानंतर त्यांनी काही उंदरांमधले न्यूट्रोफिल आधीच काढून टाकले. अशा उंदरांत आजार बळावेल, अशीच कुणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात परजीवींना जम बसवणं उलट जड गेलं. म्हणजे धावून आलेली मदत काही अंशी परजीवीच्याच पथ्यावर पडत होती.

याचं एक कारण न्यूट्रोफिलच्या आयुष्यात आहे. ही पेशी अल्पायुषी असते, थोड्याच काळात ठरल्यासारखी मरते. अशा मेलेल्या पेशी उचलून जागा साफ करणं हेही मॅक्रोफेजचंच काम. ते शांतपणे व्हावं, उगाच दाह पेटू नये, म्हणून मेलेली पेशी गिळताना मॅक्रोफेज आपली हत्यारं म्यान ठेवते. त्या मेलेल्या पेशीत जिवंत लीशमॅनिया असेल, तर तोही तिच्यासोबत बिनबोभाट आत जातो.

थेट शिरणारे परजीवीही दार निवडून शिरतात. रक्तात ‘पूरक’ नावाची प्रथिनांची साखळी असते. ती घुसखोराला चिकटते आणि भक्षक पेशींना तो सहज पकडता येतो. लीशमॅनिया हे प्रथिन अंगाला चिकटू देतो, पण आपल्या पृष्ठभागावरच्या विकराने त्याची थोडी काटछाट करतो. त्या बदललेल्या खुणेमुळे मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरचा एक विशिष्ट ग्राही रेणू त्याला आत घेतो. या दाराने आत आलेल्याला मॅक्रोफेज गिळते खरी, पण मारण्यासाठीची रासायनिक तोफ पूर्ण जोरात डागत नाही, आणि मदतीचा संदेशही पाठवत नाही.

आत गेल्यावर परजीवीभोवती पटलाची पिशवी तयार होते. तिला लयकारिका येऊन मिळतात. लयकारिका म्हणजे आम्लाने आणि पाचक विकरांनी भरलेल्या पेशीतल्या थैल्या. पहिल्या काही तासांत परजीवी हे मीलन लांबवतो, कारण शेपटीच्या रूपात त्याला आम्ल सोसत नाही. काही दिवसांत तो शेपटी आत घेऊन दाण्याचं रूप धारण करतो. त्यानंतर त्याला ते आम्ल हवंहवंसं होतं. साडेचार-पाच पीएचच्या त्या थैलीत तो आरामात जगतो, दुभंगत राहतो आणि पेशी भरून फुटली की शेजारच्या मॅक्रोफेजमध्ये जातो.

पेशीच्या आत राहणारे सगळे परजीवी ही एकच युक्ती वापरत नाहीत. मांजरांमार्फत पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा गिळलं जाण्याची वाटही पाहत नाही. तो स्वतःच अर्ध्या मिनिटाच्या आत पेशीत घुसतो आणि अशी पिशवी विणतो की लयकारिकांना तिचा पत्ताच लागत नाही. कार्लोस चागासने १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये शोधलेला ट्रिपॅनोसोमा क्रूझी पिशवी फोडून पेशीद्रवात उतरतो. मलेरियाचा परजीवी तर तांबड्या रक्तपेशीत शिरतो. तिला केंद्रक नाही आणि आत कोण आलंय ते बाहेर दाखवणारे रेणूही तिच्यावर जवळजवळ नसतात. पाचक रसांच्या थैलीतच मुक्काम ठोकणारा लीशमॅनिया या सगळ्यांत वेगळा ठरतो.

मग शरीर काय करतं? प्रतिपिंडं इथे उपयोगाची नाहीत, कारण ती रक्तात आणि ऊतींमधल्या द्रवात फिरतात, पेशीच्या आत जात नाहीत. आत लपलेल्याला मारू शकते ती फक्त ज्या पेशीत तो राहतो तीच पेशी. तिच्याकडे त्यासाठी साधन आहे. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून ती नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवू शकते. हाच वायू रक्तवाहिन्यांत सूक्ष्म प्रमाणात तयार होऊन त्यांना सैल ठेवतो. मॅक्रोफेजमध्ये तो भरपूर प्रमाणात तयार झाला, की थैलीत झिरपून परजीवीचे महत्त्वाचे विकर निकामी करतो. अडचण एवढीच, की हा कारखाना एरवी बंद असतो आणि मॅक्रोफेज तो पूर्ण ताकदीने आपला आपण सुरू करत नाही. तिला बाहेरून आज्ञा लागते.

ही आज्ञा टी पेशीकडून येते. मॅक्रोफेज आणि तिच्या नात्यातल्या वृक्षिका पेशी गिळलेल्या जंतूचे तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडतात. लसिका ग्रंथीत फिरणाऱ्या लाखो टी पेशींपैकी एखादीच तो तुकडा ओळखते. त्याच वेळी वृक्षिका पेशीने इंटरल्यूकिन-१२ हा रेणू सोडला, तर ओळख पटलेली टी पेशी दुभंगते, वाढते, लागण झालेल्या जागी जाते आणि इंटरफेरॉन गॅमा सोडते. हा इंटरफेरॉन मॅक्रोफेजला मिळाला की नायट्रिक ऑक्साइडचा कारखाना सुरू होतो. टीएनएफ हा दुसरा रेणू त्याला आणखी जोर देतो. टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीतही इंटरफेरॉन गॅमाचीच आज्ञा चालते, हत्यारं मात्र वेगळी निघतात. उंदराच्या पेशी काही खास प्रथिनं पाठवून टॉक्सोप्लाझ्माची पिशवीच फोडतात. माणसाच्या पेशींत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नष्ट करणारं विकर सुरू होतं. ट्रिप्टोफॅनवाचून परजीवीची उपासमार होते.

ही आज्ञा चुकली तर काय होतं, हे दाखवून दिलं उंदरांनी. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली एक काळी जात आहे, सी५७ ब्लॅक. दुसरी पांढरी, बाल्ब-सी. दोन्हींच्या पायाच्या तळव्यात कातडीचा आजार करणारा लीशमॅनिया मेजर सारख्याच प्रमाणात टोचला, तर काळ्या उंदराचा तळवा सुजतो आणि काही आठवड्यांत बरा होतो. पांढऱ्या उंदराची सूज चिघळते, परजीवी अंगभर पसरतात आणि तो मरतो. पांढऱ्या उंदराची प्रतिकारशक्ती लुळी पडलेली असते का? अजिबात नाही. त्याच्याही टी पेशी जोमाने वाढतात, प्रतिपिंडंही भरपूर तयार होतात.

कोडं सुटायला सुरुवात झाली ती टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांच्या १९८६ मधल्या निबंधाने. मदतनीस टी पेशींचे दोन प्रकार असतात, असं त्यांनी दाखवलं. पहिला प्रकार इंटरफेरॉन गॅमा सोडतो आणि भक्षक पेशींना पेटवतो. दुसरा इंटरल्यूकिन-४ सोडतो आणि प्रतिपिंडांना जोर देतो. जंतांसारख्या मोठ्या परजीवींविरुद्ध तोच कामाचा. १९८९ मध्ये हे दोन्ही धागे जुळले. काळ्या उंदरात पहिला प्रकार वरचढ होता, पांढऱ्यात दुसरा. दुसऱ्या प्रकारच्या हुकुमावर मॅक्रोफेज आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही. आर्जिनेज विकर वापरून ती त्याच आर्जिनिनचा वेगळा माल तयार करते आणि त्यातून परजीवीला वाढीसाठी लागणारे पदार्थ मिळतात. कच्चा माल तोच, पेशीही तीच. हुकूम बदलला की मारणारी पेशी पोसणारी होते.

हे केवळ निरीक्षण राहिलं नाही. लागण होत असतानाच इंटरल्यूकिन-४ निकामी करणारं प्रतिपिंड दिलं, तर पांढरा उंदीरही बरा होतो. १९९३ मध्ये दोन गटांनी इंटरल्यूकिन-१२ टोचूनही तेच साधलं. मात्र हे सगळं पहिल्या काही दिवसांत करावं लागतं. टी पेशींचा कल एकदा ठरून गेला की तोच उपाय फुकट जातो.

परजीवी हा कल ठरण्याची वाट बघत स्वस्थ बसत नाही, हे पुण्यात झालेल्या कामातून फार सुंदर उलगडलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भास्कर साहा आणि त्यांचे विद्यार्थी मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरच्या सीडी-४० या रेणूचा अभ्यास करत होते. टी पेशी मॅक्रोफेजला भेटते तेव्हा ती याच रेणूला हात घालते. त्यातून पेशीच्या आत संदेशाच्या दोन वाटा निघतात. एकीने इंटरल्यूकिन-१२ तयार होतं, दुसरीने इंटरल्यूकिन-१०. पहिलं लढाई पेटवतं, दुसरं विझवतं. २००३ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी दाखवलं, की लीशमॅनियाची लागण झालेल्या मॅक्रोफेजमध्ये पहिली वाट मंदावते आणि दुसरी जोर धरते. टी पेशी हाक देते, हाक पोचतेही, पण आत तिचा अर्थ उलटा लागतो.

माणसांतही असे दोन टोकांचे प्रतिसाद दिसतात आणि त्याचं सर्वांत परिचित उदाहरण महाराष्ट्राला जवळचं आहे. कुष्ठरोगाचा जंतू परजीवी प्राणी नाही, जिवाणू आहे. पण तोही मॅक्रोफेजमध्येच राहतो. काही रुग्णांच्या अंगावर मोजकेच बधिर चट्टे असतात आणि त्यांत जंतू शोधून सापडत नाहीत. त्यांच्या टी पेशी मॅक्रोफेजना नीट पेटवतात. काहींच्या कातडीत मात्र जंतूंनी गच्च भरलेल्या मॅक्रोफेजचे थर असतात, रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतात आणि त्यांचा उपयोग शून्य असतो. जंतू तोच असतो. गोळ्या किती महिने घ्यायच्या हे ठरवताना डॉक्टर जो फरक पाहतात, तो मुळात या दोन प्रतिसादांमधला फरक आहे.

काळ्या आजाराच्या रुग्णांची गोष्ट मात्र उंदरांइतकी सरळ निघाली नाही. प्रतिपिंडं वाया जातात हे इथेही खरं. इतकी की जुन्या काळी निदानच त्यांच्यावर चाले. रुग्णाच्या रक्तद्रवात फॉर्मेलिनचे एक-दोन थेंब टाकायचे. आजार मुरलेला असेल तर वीसेक मिनिटांत तो दुधाळ पांढरा होऊन असा घट्ट बसे की नळी उलटी केली तरी सांडत नसे. परजीवीला हात न लावू शकणाऱ्या प्रतिपिंडांचाच तो गोळा. पण पांढऱ्या उंदरावरून बांधलेला दुसरा अंदाज चुकला. रुग्णांच्या शरीरात इंटरफेरॉन गॅमा कमी नव्हता, चांगला भरपूर होता. आज्ञा सुटत होती आणि तरी परजीवी वाढत होते.

बनारस हिंदू विद्यापीठाचे श्याम सुंदर यांनी मुझफ्फरपूरच्या रुग्णांवर अनेक वर्षं काम केलं आहे. अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या पानथरीतल्या पेशी उपचाराआधी आणि नंतर तपासल्या. आजारात इंटरल्यूकिन-१० फार वाढलेलं होतं आणि बरं झाल्यावर ते उतरत होतं. ते सोडत होत्या टी पेशीच. दाह आटोक्यात ठेवणं हीच ज्यांची नेमून दिलेली जबाबदारी असते, त्या नियामक टी पेशी इथे मुख्य नव्हत्या. म्हणजे लढाईला पाठवलेल्या पेशीच तिला लगामही घालत होत्या.

शरीर असा लगाम का ठेवतं, याचं उत्तर टॉक्सोप्लाझ्माच्या प्रयोगात आहे. ज्या उंदरांत इंटरल्यूकिन-१० तयारच होत नाही, ते टॉक्सोप्लाझ्माच्या लागणीने पटापट मरतात. परजीवी आटोक्यात असतात. उंदीर मरतो तो स्वतःच्याच बेफाम दाहाने. यकृत, आतडं, पानथरी या अवयवांत दिवसचे दिवस नायट्रिक ऑक्साइड आणि टीएनएफचा मारा चालू राहिला, तर पेशी वाचणार कशा? म्हणून लगाम हवाच असतो. काळ्या आजारात तो सैल होत नाही आणि परजीवीचं फावतं.

लगामाचा आणखी एक हिशेब आहे, तो तर चक्रावून टाकणारा. काळा उंदीर बरा होतो तेव्हा त्याच्या कातडीत थोडे परजीवी शिल्लक राहतातच. इंटरल्यूकिन-१० नसलेल्या उंदरात तेही राहत नाहीत, शेवटचा परजीवीसुद्धा मारला जातो. यास्मिन बेलकेद आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की असा पूर्ण स्वच्छ झालेला उंदीर पुन्हा लागण झाल्यावर जुनं संरक्षण गमावून बसलेला असतो. उरलेले मूठभर परजीवी टी पेशींना जागं ठेवत होते. पूर्ण निर्मूलन हेच आदर्श, ही वैद्यकातली धारणा इथे जरा बाजूला ठेवावी लागते.

माणसांतही बहुतेक लोक या तडजोडीतच जगतात. बिहार आणि नेपाळच्या गावांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत आजारी पडलेल्या एका माणसामागे लागण होऊनही धडधाकट असलेले सुमारे नऊ जण सापडले. त्यांच्या अंगात परजीवी शिरला, मॅक्रोफेजमध्ये राहिला, टी पेशींनी त्याला मर्यादेत ठेवलं आणि माणसाला पत्ताही लागला नाही. कुपोषण ही मर्यादा मोडतं. एचआयव्ही तर आज्ञा देणाऱ्या टी पेशीच संपवतो. म्हणून एचआयव्ही असलेल्या रुग्णात काळा आजार औषधाने दबतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो.

औषधंसुद्धा या पेशींच्या मदतीवाचून अपुरी पडतात. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कोलकात्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातल्या एका छोट्याशा खोलीत १९२० च्या सुमारास अँटिमनीपासून युरिया स्टिबामीन हे औषध बनवलं आणि हमखास मरणाच्या या आजारातून लाखो माणसं वाचली. भारतीय वैद्यकसंशोधनातल्या सर्वांत मोठ्या कामगिऱ्यांपैकी ती एक आहे आणि तिची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही. पुढे कळलं, की टी पेशी नसलेल्या उंदरात अँटिमनी जवळजवळ काहीच करत नाही. परजीवीला औषध लुळं करतं, शेवटचा वार मॅक्रोफेजला करावा लागतो. उत्तर बिहारमध्ये परजीवी अँटिमनीला सरावल्यावर तोंडाने घ्यायचं मिल्टेफोसीन आलं आणि त्यानंतर लिपोसोममध्ये भरलेलं अँफोटेरिसिन-बी. या औषधाची निवड विलक्षण नेमकी ठरली. लिपोसोम म्हणजे चरबीचे सूक्ष्म गोळे. रक्तात सोडलेले असे गोळे यकृत, पानथरी आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेज आपणहून गिळतात. ज्या सवयीमुळे परजीवी आत शिरला, त्याच सवयीने औषधही थेट त्याच्या थैलीपर्यंत पोचतं. दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो, हे श्याम सुंदर यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं.

ब्रह्मचारींनीच १९२२ मध्ये आणखी एका गोष्टीची नोंद केली होती. काळा आजार बरा झाल्यावर महिन्यांनी किंवा वर्षांनी काहींच्या कातडीवर फिकट चट्टे आणि गाठी उठतात. पानथरी स्वच्छ झालेली असते, पण परजीवी कातडीतल्या मॅक्रोफेजमध्ये तग धरून असतात. भारतात बऱ्या झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांना हे होतं. एकाच माणसात पोटातल्या अवयवांत टी पेशी जिंकतात आणि कातडीत अडकून पडतात. ताप नाही, दुखणं नाही, म्हणून हे लोक दवाखान्यात जात नाहीत.

भारतात १९९२ मध्ये काळ्या आजाराचे ७७ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते. आता वर्षाला हजाराच्या आत नोंद होते. बांगलादेशाने २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या आजाराचं उच्चाटन केल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवली आणि असं करणारा तो जगातला पहिला देश ठरला. फवारणी, झटपट निदान आणि एका डोसचं औषध यांनी हे साधलं. लस अजून नाही. लसीची कल्पना मात्र जुनी आहे. मध्य आशिया आणि पश्चिम आशियात कातडीच्या लीशमॅनिया फोडातला पू मुलांच्या अंगाच्या झाकल्या भागावर मुद्दाम टोचत, म्हणजे पुढे चेहऱ्यावर व्रण उठू नये. इराणने इराकशी चाललेल्या युद्धाच्या काळात लाखो लोकांना प्रयोगशाळेत वाढवलेले जिवंत परजीवी टोचले. संरक्षण मिळालं, पण काहींच्या जखमा महिनोन्‌महिने भरल्या नाहीत आणि तो मार्ग सोडावा लागला. आता जनुक-कात्रीने सेंट्रिन हे जनुक काढून टाकलेला लीशमॅनिया मेजर तयार झाला आहे. तो मॅक्रोफेजमध्ये शिरतो आणि टी पेशींना धडा देतो, पण आत त्याला दुभंगता येत नाही. हॅमस्टरमध्ये तो काळ्या आजारापासूनही संरक्षण देतो. या कामात पुण्याची जिनोव्हा ही कंपनी सहभागी आहे.

लस आली तर ती टी पेशींना पोचली की नाही, हे गावात बसून कसं ओळखायचं? त्यासाठी जुनीच एक चाचणी पुन्हा उभी केली जात आहे. ब्राझीलच्या मोंटेनेग्रोने १९२६ मध्ये ती सुचवली होती. परजीवीचं प्रथिन हाताच्या कातडीत टोचायचं आणि दोन-तीन दिवसांनी बघायचं. टी पेशींना जुनी ओळख असेल तर त्या तिथे गोळा होतात आणि पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठी कडक गाठ येते. उद्रेकाच्या काळात वाढलेल्या पिढीत ती अनेकांना येते, आजार ओसरल्यावर जन्मलेल्या मुलांना येत नाही. या मुलांच्या मॅक्रोफेजना आज्ञा देणारी जाणती टी पेशी अजून तयारच झालेली नाही. त्यातच मुझफ्फरपूरच्या अभ्यासात असं दिसलं, की लक्षणं नसलेल्या लोकांना चावलेल्या वाळूमाश्यांना लागण झाली नाही, पण बरं झाल्यावर कातडीवर चट्टे उठलेल्यांना चावलेल्या माश्यांना झाली. म्हणून सध्या बिहारच्या गावांत आरोग्यसेविका तापाचे रुग्ण शोधतात, त्याबरोबरच काळा आजार होऊन गेलेल्यांच्या घरी जाऊन त्यांच्या चेहऱ्यावर, पाठीवर आणि हातांवर फिकट चट्टे आहेत का, हेही पाहतात.